वीसची दहा झाली म्हणजे पॉवर अर्धी झाली का?

पत्र : ताई, नमस्कार. आमचे मामाजी ६८ वर्षांचे आहेत. नऊ वर्षांपासून बीपी आहे, शुगरही थोडी आहे. आधी सरकारी दवाखान्यातून सकाळी लोसार्टन ५० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५, रात्री कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरवास्टॅटिन २० सुरू होतं. दिवाळीनंतर नणंदेनं त्यांना नागपूरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४०, एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ आणि रोसुवास्टॅटिन १० लिहून दिलं. मामाजी म्हणतात, "पन्नासची चाळीस केली, पाचची अडीच केली, वीसची दहा केली. साऱ्याच गोळ्यायची पावर कमी केली. माह्या बीपीले हे काय पुरते?" म्हणून ते रात्री रोसुवास्टॅटिनच्या दोन गोळ्या घेतात. सकाळी नव्या गोळ्यांसोबत जुनी अ‍ॅम्लोडिपिनही घेतात आणि डोकं जड वाटलं त्या दिवशी लोसार्टनसुद्धा. उरलेल्या पट्ट्या वाया कशाला घालवायच्या, असं त्यांचं म्हणणं. मागच्या आठवड्यात पहाटे गोठ्यात जाताना त्यांना भोवळ आली. गव्हाणीला धरलं म्हणून पडले नाहीत. संध्याकाळी पाय सुजतात. आशाताईंनी बीपी मोजलं तर १०४/६२ निघालं. त्यात नागपूरच्या गोळ्या संपत आल्या आहेत आणि आरोग्य केंद्रात या वेळी टेल्मिसार्टन आलेलं नाही, लोसार्टन घ्या म्हणतात. मग लोसार्टन किती घ्यायची? कोणत्या किती गोळीच्या बदल्यात कोणती किती, असा तक्ता छापून द्याल का?
— एक सून, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

ताई, तक्त्याचं नंतर बोलू. आधी मामाजींचा औषधांचा डबा घ्या आणि जुन्या चिठ्ठीच्या तिन्ही गोळ्या, म्हणजे लोसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅटोरवास्टॅटिन, आजच्या आज त्यातून बाजूला काढा. रोसुवास्टॅटिन रात्री एकच. नागपूरची चिठ्ठी जेवढं सांगते तेवढंच, त्यावर एकही गोळी जास्त नाही. घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करू नका, तेही तितकंच वाईट. आणि उद्या सकाळी दोन्ही चिठ्ठ्या, उरलेल्या सगळ्या पट्ट्या आणि १०४/६२ हा आकडा घेऊन मामाजींना आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे न्या. भोवळ शुगर उतरल्यानं किंवा हृदयाचे ठोके बिघडल्यानंही येते, त्यामुळे डॉक्टरांनी एकदा तपासायलाच हवं. मधल्या वेळात शुद्ध हरपली, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं तर उद्याची वाट न पाहता १०८ ला फोन लावा.

आता मामाजींच्या हिशोबाकडे येते. त्यांचा हिशोब चुकलाय, पण शंका वेडगळ नाही. मी एकतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीत बसले. हीच शंका मी शेकडो तोंडांतून ऐकली आहे, शिकलेल्यांच्याही. गोळीच्या पट्टीवर जो आकडा असतो त्याला सगळे पॉवर म्हणतात. खरं तर ते वजन आहे. गोळीत औषधाचा पदार्थ किती मिलिग्रॅम आहे, एवढंच तो आकडा सांगतो. त्या पदार्थात जोर किती, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

मामाजींनी जन्मभर कपाशी केली असेल, तर त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. फवारणीच्या वेळी एका औषधाचं झाकणभर माप पंपात जातं, दुसऱ्याचं चिमूटभर. चिमूटभरवालं कमजोर आहे असं कोणी म्हणत नाही. त्याचा जोरच तसा आहे, म्हणून माप लहान. आणि लहान दिसतं म्हणून कोणी ते झाकणभर ओतलं तर बोंडअळीच्या आधी पानं करपतील. मामाजींना नेमकं याच शब्दांत विचारा. ते हसतील आणि तुमचं ऐकतील.

एकाच औषधात मात्र आकड्यांची तुलना सरळ आहे. अ‍ॅटोरवास्टॅटिन २० मध्ये १० च्या दुप्पट औषध असतं. पण अ‍ॅटोरवास्टॅटिनचा २० आणि रोसुवास्टॅटिनचा १० शेजारी ठेवून मोठा कोण हे ठरवता येत नाही.

आता तुमच्या तीन जोड्या एकेक करून बघू.

सगळ्यात सोपी जोडी अ‍ॅम्लोडिपिनची, आणि मामाजींची सगळ्यात धोक्याची गल्लतही तिथेच झाली आहे. अ‍ॅम्लोडिपिनचा रेणू दोन रूपांत असतो, डाव्या आणि उजव्या पायाच्या चपलेसारखा. दिसायला सारखीच, पण एकाच्या जागी दुसरी चालत नाही. रक्तवाहिन्या सैल करून बीपी उतरवण्याचं काम त्यातलं एकच रूप करतं. नेहमीच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीत दोन्ही रूपं निम्मी निम्मी असतात, म्हणजे कामाचं औषध अडीच मिलिग्रॅम. एस-अ‍ॅम्लोडिपिन म्हणजे कामाचं तेवढंच रूप वेगळं काढून केलेली गोळी. म्हणून एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ ही अ‍ॅम्लोडिपिन ५ च्या बरोबरीची. नागपूरच्या डॉक्टरांनी काहीच कमी केलेलं नाही. तेच औषध, तेवढंच. आता मामाजी ती अडीचची घेऊन वर जुनी पाचची घेतात, म्हणजे रोज अ‍ॅम्लोडिपिन १० घेतल्यासारखं झालं. पाय का सुजले याचं उत्तर बहुधा इथेच आहे. या औषधानं घोट्याजवळ सूज येणं ही जुनी, ओळखीची तक्रार आहे आणि डोस वाढला की ती वाढते. शिवाय हे औषध अंगातून सावकाश उतरतं. निम्मं कमी व्हायलाच ३० ते ५० तास जातात. त्यामुळे जादा गोळी थांबवली तरी परिणाम ओसरायला आठवडाभर धरा. तेवढे दिवस पहाटे गोठ्याचं काम घरातल्या दुसऱ्या कोणी केलेलं बरं.

दुसरी जोडी लोसार्टन ५० आणि टेल्मिसार्टन ४०. ही दोन्ही एकाच कुळातली औषधं आहेत, नावाच्या शेवटी 'सार्टन' येतं ते कूळ. आणि हे दोन्ही आकडे आपापल्या औषधाचे नेहमीचे डोस आहेत. याच पायरीवर व्हॅल्सार्टन ८० येतं, ओल्मेसार्टन २० येतं. म्हणजे कोणाच्या पट्टीवर ८० आहे, कोणाच्या २०, आणि दोघांच्या अंगात काम साधारण सारखंच. शेजारच्या काकांची ८० ची गोळी बघून आपली ४० ची कमी आहे असं वाटायच्या आधी, ती टेल्मिसार्टन ८० आहे की व्हॅल्सार्टन ८० हे विचारायला हवं. टेल्मिसार्टनची ८० म्हणजे पूर्ण डोस, व्हॅल्सार्टनची ८० म्हणजे सुरुवातीचा.

साधारण सारखं म्हटलं, तंतोतंत सारखं म्हटलं नाही. टेल्मिसार्टन अंगात जास्त वेळ टिकतं, चोवीस तास निभावून नेतं. लोसार्टनचा जोर दुसऱ्या दिवशीच्या गोळीची वेळ येईपर्यंत ओसरू लागतो. म्हणून लोसार्टनवर असलेल्या काही माणसांचं बीपी दिवसा छान आणि भल्या पहाटे चढलेलं सापडतं.

मामाजी डोकं जड झालं की टेल्मिसार्टनवर लोसार्टन घेतात, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. एकाच कुळातली दोन औषधं एकत्र घ्यायचीच नसतात. फायदा वाढत नाही, बीपी जास्त उतरतं, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं. 'सार्टन' आणि त्याचं चुलत कूळ 'प्रिल', म्हणजे एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे, यांची जोडही अशीच वाईट. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र देऊन पाहिलेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीनं जास्त फायदा झाला नाही, भोवळ आणि मूत्रपिंडाचे त्रास मात्र वाढले. मामाजींना शुगरही आहे, म्हणजे मूत्रपिंड आधीच जपायचं. उद्या डॉक्टरांना क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती चालतं ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमची तपासणी करायची का, हे तुम्ही स्वतःहून विचारा.

आणखी एक. डोकं जड वाटणं म्हणजे बीपी चढलंच असं नाही. बीपी उतरल्यावरही डोकं जड होतं. मामाजी कदाचित उतरलेल्या बीपीवर आणखी उतरवायची गोळी घेत असतील. गोळी घ्यायची की नाही हे अंदाजानं ठरवायची गोष्टच नाही.

तिसरी जोडी कोलेस्टेरॉलची. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होतं, आणि ते बनवणाऱ्या यंत्राचा एक खटका स्टॅटिन औषधं दाबून धरतात. कोणी घट्ट दाबतं, कोणी सैल. रोसुवास्टॅटिन यातलं चांगलंच घट्ट. अ‍ॅटोरवास्टॅटिन १० नं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सरासरी ३७ टक्क्यांच्या आसपास उतरतं. २० नं ४३, ४० नं ४८. रोसुवास्टॅटिन १० नं ४६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मामाजींची नवी १० जुन्या २० पेक्षा कमी तर नाहीच, उलट अंमळ पुढे आहे, अ‍ॅटोरवास्टॅटिन ४० च्या जवळ गेलेली. जुनी सिम्वास्टॅटिन कोणाच्या घरी असेल तर तिची २० ही साधारण अ‍ॅटोरवास्टॅटिन १० इतकी.

मग दोन गोळ्या घेतल्यानं दुप्पट फायदा होत असेल, असं मामाजी विचारतील. इथे मला थोडा जास्त वेळ घ्यायचाय, कारण ही गोष्ट कळली तर माणूस आपणहून डोस वाढवणं सोडतो. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच उतरतं. समजा कोणाचं औषधाविना एलडीएल १६० आहे. अ‍ॅटोरवास्टॅटिन २० नं ते ९१ च्या जवळ येईल. रोसुवास्टॅटिन १० नं ८६ च्या. रोसुवास्टॅटिन २० केली तर ७७ च्या. म्हणजे पहिल्या गोळीनं ७० पेक्षा जास्त अंक उतरवले आणि दुसऱ्या गोळीनं आणखी नऊ. मोठं काम पहिल्या गोळीनंच उरकलं. त्रास मात्र या हिशोबानं चालत नाही. डोस वाढेल तसा स्नायू दुखायचा धोका वाढतो. त्यात रोसुवास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत सुमारे दुप्पट भरतं. म्हणून आपल्याकडे ५ पासून सुरुवात करायचा विचार डॉक्टर करतात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर २० लिहितातही आणि ते योग्यही असतं, पण ते तपासण्या पाहून लिहितात. मामाजींना मांड्या, पोटऱ्या, खांदे नवीनच दुखू लागलेत का, विचारा. लघवी गडद चहासारखी होत असेल तर तो तातडीचा इशारा आहे, त्याच दिवशी डॉक्टर.

बीपीच्या गोळ्यांचंही असंच आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००३ साली ३५४ चाचण्यांचे आकडे एकत्र केले. नेहमीच्या डोसनं वरचं बीपी सरासरी ९ अंकांनी उतरलं, आणि त्याच्या निम्म्या डोसनं ७ अंकांनी. अर्ध्या गोळीत जवळजवळ चार पंचमांश काम. म्हणूनच एक औषध वाढवत नेण्यापेक्षा दोन वेगळ्या कुळातली औषधं थोडी थोडी देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. मामाजींना दिलेली टेल्मिसार्टन आणि एस-अ‍ॅम्लोडिपिनची जोडी अशीच आहे. ही जोडी चांगली आहे, तिला नीट काम करू द्या.

आता तुमचा खरा अडलेला प्रश्न. नागपूरच्या गोळ्या संपल्या आणि आरोग्य केंद्रात वेगळं औषध आहे, तर काय?

आधी हे बघा की बदलतंय काय. टेल्मिसार्टन ४० एका कंपनीची होती आणि आता दुसऱ्या कंपनीची टेल्मिसार्टन ४० मिळाली, पट्टी वेगळी, गोळीचा रंग वेगळा, किंमत चौथाई, तर काही बदललेलं नाही. बिनधास्त घ्या. तालुक्याला जनऔषधी केंद्र असेल तर तिथे नागपूरच्या चिठ्ठीतली औषधं त्याच नावानं आणि त्याच मिलिग्रॅममध्ये आहेत का, आधी तिथे विचारा. मिळाली तर बदलायची गरजच नाही.

पण औषधच बदलत असेल, टेल्मिसार्टनच्या जागी लोसार्टन, तर ते डॉक्टरांनी लिहायचं. मेडिकलवाल्या भाऊंनी "एकच आहे" म्हणून बदलून द्यायचं नाही, आणि तुम्ही माझ्या या सदरावरून बदलायचं नाही. या चिठ्ठीवरच्या गोळ्या आहेत. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहून लोसार्टन लिहिलं तर मात्र मनात किंतु ठेवू नका. टेल्मिसार्टन ४० ऐवजी लोसार्टन ५० ही रास्त अदलाबदल आहे. सव्वा गोळी, दीड गोळी असं काही करायचं नाही. मग दोन आठवड्यांनी बीपी बघायचं, पहाटेचं विशेष बघायचं. कमी पडलं तर डॉक्टर ती १०० पर्यंत नेऊ शकतात. एनालाप्रिल दिलं तर साधारण १० मिलिग्रॅमपासून विचार होतो, बहुधा दोन वेळा विभागून, आणि काहींना त्यानं कोरडा खोकला लागतो, तो सांगायचा. एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ ऐवजी साधी अ‍ॅम्लोडिपिन ५, ही तर सख्खी अदलाबदल. रोसुवास्टॅटिन १० ऐवजी सरकारी अ‍ॅटोरवास्टॅटिन मिळाली तर २० द्यायची की ४०, हे डॉक्टर मामाजींचा रिपोर्ट पाहून ठरवतील. जुनी गोळी थांबली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला नवी, मध्ये दोन्ही मिळून नाहीत. कोलेस्टेरॉलचा बदल रक्तात पूर्ण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधी तपासणीवर पैसे घालवू नका.

सरकारी गोळी म्हणजे हलकी, हा समज मनातून काढा. बीपीच्या उपचारासाठी देशभर राबवलेल्या सरकारी उपक्रमात पहिल्या तुकडीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते त्यातले दोन आपल्या विदर्भातले, वर्धा आणि भंडारा. तिथे साध्या, स्वस्त गोळ्यांवरच लोकांचं बीपी ताब्यात आणलं गेलं. फरक पडला तो दर महिन्याला आकडा वहीत उतरवण्यानं आणि गोळी न चुकवण्यानं.

म्हणून तुम्ही मागितलेला तक्ता मी छापणार नाही. वर जेवढं सांगितलं तेवढंच त्यात असतं. पण तक्ता म्हटला की तो भिंतीवर लागतो, आणि मग त्याच्याकडे बघून माणसं स्वतःच गोळ्या बदलतात. त्यातले आकडे हजारो माणसांची सरासरी असतात. मामाजींचं मूत्रपिंड किती चालतं, ते आणखी कशाकशाच्या गोळ्या घेतात, हे त्याला कुठे माहीत? डॉक्टरही त्यावरून फक्त पहिली पायरी धरतात, पुढचं मोजून ठरवतात.

तेव्हा मोजायला शिका. आशाताईंकडे यंत्र आहे, ते फार छान झालं. मामाजींना आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीवर टेकवलेला. त्याआधी अर्धा तास चहा नाही आणि खर्रा तर नाहीच. तंबाखूनं तेवढ्यापुरतं बीपी चढतं आणि तो खोटा आकडा वहीत जातो. (खर्रा सुटला तर हृदयासाठी कुठल्याही गोळीइतकं काम होईल, पण त्यावर वेगळं पत्र लिहा, मी सविस्तर उत्तर देईन.) एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. मग उभं करून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजायचं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर पहाटेच्या भोवळीचं कारण सापडलं म्हणा. आठ दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, तारखेसह लिहा.

डब्याबद्दल सांगायचं राहिलं. आमच्या खिडकीवर एक आजी लुगड्याच्या पदराला गाठ मारून गोळ्या आणायच्या, सगळ्या पट्टीतून सोडवलेल्या, पांढऱ्या सगळ्या सारख्या. मी त्या तळहातावर घेऊन एकेक ओळखायचा प्रयत्न करायची आणि अर्ध्या ओळखू यायच्या नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आले, गोळी तोंडात टाकायच्या वेळेपर्यंत पट्टीतच राहू द्या. टेल्मिसार्टनचं तर हे फारच खरं आहे, ती हवेतली ओल ओढून घेते आणि पावसाळ्यात बाहेर ठेवली की बिघडते. मेडिकलमधून पट्टी कापून घ्याल तेव्हा नाव आणि तारीख असलेला तुकडा मागून घ्या. पट्टीवर नावापुढची अक्षरंही वाचा. 'एएम' असेल तर आत अ‍ॅम्लोडिपिनही आहे, 'एच' असेल तर लघवी वाढवणारं औषध आहे, 'सीटी' असेल तर त्याच जातीचं दुसरं. टेल्मिसार्टन एएम घेणारा माणूस वेगळी अ‍ॅम्लोडिपिनही घेतो आहे, असं मी किती वेळा पाहिलं. आणि घरात कोणाला मेटोप्रोलॉल ही बीपीची वेगळ्या कुळातली गोळी सुरू असेल आणि तिच्या पट्टीवर ४७.५ दिसलं तर गोंधळू नका. ती जुन्या ५० च्याच बरोबरीची आहे, क्षार वेगळा असल्यानं वजन वेगळं येतं. ती गोळी मात्र कधीच अचानक बंद करायची नसते.

उरलेल्या पट्ट्यांचं काय, हा मामाजींचा जिव्हाळ्याचा मुद्दा मी समजू शकते. ज्या घरात दाण्यादाण्याचा हिशोब असतो तिथे भरली पट्टी टाकताना हात अडखळतो. त्या उद्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. पुन्हा लोसार्टनवर यायचं ठरलं तर त्याच वापरता येतील, तारीख तेवढी बघा. नाही ठरलं तर तिथेच देऊन टाका. घरात कोणालाही वाटू नका. विशेष करून लेकी-सुनांपैकी कोणी गरोदर असेल तर 'सार्टन' आणि 'प्रिल' यांच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही, बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते.

दोन-तीन गोष्टी भरभर. अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक घेण्याची सवय मामाजींना असेल तर डॉक्टरांना सांगा. ती बीपी चढवते आणि सार्टनबरोबर मूत्रपिंडाला जड जाते. पोटात जळजळ म्हणून पांढरं पातळ औषध पीत असतील तर ते रोसुवास्टॅटिननंतर दोन तासांनी प्यायचं, नाहीतर निम्मी गोळी वाया जाते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत हगवण-उलट्या लागल्या, पाणी अंगी लागेनासं झालं, तर सार्टनची गोळी चालू ठेवायची का हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, कारण सुकलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला भारी पडते. आणि लोणचं, पापड, कुरडया, शेवेचा चिवडा, रोजच्या ठेच्यातलं मीठ. दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. हे जमलं तर डॉक्टरच एखादी गोळी कमी करतील.

नणंदेलाही फोन करा. नागपूरच्या डॉक्टरांनी औषधं का बदलली, हे तिनं विचारलं असेल तर मामाजींना सांगायला सोपं जाईल. चिठ्ठी देताना "या जुन्यांच्या जागी आहेत, जुन्या बंद" एवढं एक वाक्य मामाजींना कोणी सांगितलं असतं तर पहाटे गव्हाण धरायची वेळ आली नसती. तुम्ही उद्या नवी चिठ्ठी हातात आली की तिच्यावर कोणती बंद आणि कोणती सुरू हे डॉक्टरांकडूनच मराठीत लिहून घ्या.

आठ दिवसांचे आकडे झाले की मला कळवा, बसलेले आणि उभे दोन्ही. पायाची सूज कितपत उतरली, तेही लिहा.